पहिलंच ना?

तीन खुर्च्यांपैकी मधली तिच्या वाट्याला आली होती. एकीकडे नवरा, दुसरीकडे दाराशी सासूबाई. उठायचं म्हटलं तरी कुणाचे ना कुणाचे गुडघे ओलांडावे लागले असते.

"बाळाच्या मोजक्या पेशी आईच्या रक्तात उतरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात एकच सापडली. तिच्यात थॅलेसेमिया आहे, दोन्हीकडून आलेला."

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"असं बाळ जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगतं."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो!"

"अर्धा दोष तुमच्या मुलाकडूनच आलाय, आजी. त्याला त्रास नाही, एवढंच."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मग वेळेवर मोकळं झालेलं बरं. पोरीचं वय आहे अजून."

तिचा हात आपसूक पोटावर गेला. आपल्याला कुणी विचारलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"फक्त एक गोष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पेशी पांढरी आहे. बाळाच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून त्या सापडल्या की याच बाळाच्या, शंका उरत नाही. पांढऱ्या महाचिवट. आधीच्या गर्भाच्याही वर्षानुवर्षं आईच्या अंगात फिरत राहतात. पण तुमचं पहिलंच ना? इथं तसं लिहिलंय."

तसं लिहवलं होतं सासूबाईंनीच. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं "कितवं बाळंतपण?" विचारलं आणि त्या ठसक्यात "पहिलं!" म्हणाल्या. खोटं कुठं होतं? बाळंतपण पहिलंच होतं. दिवस मात्र दुसऱ्यांदा गेले होते. पहिलं तिसऱ्या महिन्यात वाहून गेलं, ती दोघं नोकरीच्या गावी असताना. "आईला कळू देऊ नकोस," नवरा म्हणाला होता. "नोकरी सोड म्हणून ती तुझ्या मागेच लागली होती. जन्मभर ऐकवेल." तिनंही तोंडाला कुलूप घातलं होतं.

आता गप्प राहिली, तर त्या गेलेल्याच्या दुखण्यापायी हेही जाणार. बोलली, तर घरात रोज उठून उद्धार. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. उद्या परीक्षा असल्यासारखा तो भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत होता.

"दुसरं," ती म्हणाली.

"काय दुसरं?" सासूबाई.

"दिवस दुसऱ्यांदा गेलेत, आई. पहिलं पडलं."

"पडलं? आणि मी गावभर पहिलं, पहिलं करत फिरतेय! तुला माहीत होतं का रे?"

तक्ता काही संपेना.

"मग या निकालावर काहीच ठरवायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा ठेवला. "पुन्हा रक्त घेऊ. लाल पेशी मिळेपर्यंत शोधू. नाहीच मिळाली तर पोटातून सुईनं बाळाभोवतीचं पाणी काढून तपासावं लागेल."

"काढा रक्त," ती म्हणाली आणि बाही वर सारली.

नर्सला आत यायला वाट हवी होती. सासूबाईंनी गुडघे तेवढे आखडले, खुर्ची हलवली नाही.

"घरी चल," त्या हळूच म्हणाल्या, "मग बोलते."