निवडणारे हात

“हात काढ! मावशी, हात काढ आधी!” बोटमालक ओरडला, पण तोवर उशीर झाला होता.

माशांच्या ढिगातून मावशीने हात बाहेर ओढला. मधल्या दोन बोटांवर तीन बारीक ठिपके दिसत होते, बस्स. “काही नाही रे, काटा लागला,” असं म्हणाली खरी. पण मिनिटाभरात ती धक्क्याच्या ओल्या फरशीवर बसली आणि हात कुणी विस्तवात धरल्यासारखी कळवळू लागली.

एकतीस वर्षं ती या धक्क्यावर मासळी निवडत होती. बोट लागली की ढीग ओतायचा आणि बायकांनी जातवार क्रेट भरायचे. बाकीच्या बघून निवडायच्या. मावशी मात्र भलतीकडे तोंड करून, गप्पा मारत निवडायची. खवल्यांवरून बोट फिरलं की तिला जात कळे, पोट दाबलं की मासा आजचा की कालचा तेही कळे. “मावशीच्या बोटांना डोळे आहेत,” असं बर्फवाला म्हणायचा.

मावशीला टोचलेला हा पट्टेवाला मासा तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा जाळ्यात आला, तेव्हा सगळे कौतुकाने बघायला जमले होते. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पाठीवर पिसांसारखे लांब, विषारी काटे. कुठल्या तरी दूरच्या समुद्रातून, मोठ्या जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर आला म्हणे. इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं, आणि तो मात्र दिसेल ते पिल्लू गिळत सुटला. नेहमीची मासळी निम्म्यावर आली. दोन खलाशी तर “जाळ्याला हात लावायची भीती वाटते” म्हणून काम सोडून गेले.

दवाखान्यातल्या नर्सने मावशीचा हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात दीड तास बुडवून ठेवला. कळ ओसरली. सूजही आठवड्याने उतरली. दोन बोटं मात्र बधिर झाली ती झालीच.

एका संध्याकाळी नवऱ्याने तिला समोर बसवलं. “डोळे मीट. हातात काय दिलंय, सांग.”

तिने बोटांत धरून चाचपलं. “बटण.”

“लसणाची पाकळी आहे, बाई!”

दोघंही हसली. मग ती उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

कामावर गेली तेव्हा मालकाने तिला जाड रबरी हातमोजे दिले. दुपारी तिचे दोन क्रेट परत आले, मासळीची सरमिसळ झाली होती. उकिडवा बसून मालकाने स्वतः ते निवडले. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मावशी, उद्यापासून तू वजनकाट्यावर बस. वजनं लिहायची, सावलीत.”

“लगेच म्हातारी केलीस होय रे मला?”

दुसऱ्या दिवशी ती काट्यापाशी बसली. ढीग ओतला गेला, पण आठ बायकांपैकी कुणी हात घालेना. जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. उन्हात मासळी तापायला लागली.

मावशी उठली. बर्फवाल्याकडून बर्फाचा लांब चिमटा मागून घेतला.

“सरका गं जरा. आधी मी बघते.”

वाकून, डोळे बारीक करून तिने ढिगाचा एकेक थर उलगडला. पट्टेवाला दिसला की डोक्याकडून चिमट्यात धरायचा आणि झाकणाच्या पिंपात टाकायचा. वेळ लागत होता. मालकाने दोनदा घड्याळ पाहिलं. अकरा निघाले. तिने ढीग पुन्हा एकदा तळापर्यंत चाळला, तेव्हा बारावा सापडला.

“आता घाला हात,” ती म्हणाली. “बिनधास्त घाला.”

सोळा हात ढिगात शिरले. क्रेट भरू लागले, गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी कुणाच्या तरी सुनेबद्दल काही बोललं आणि सगळ्या खदखदून हसल्या. मावशी बाजूला उभी राहून त्या हातांकडे बघत होती.

मग दुसरी बोट लागली. तिचाही ढीग ओतला गेला, तीन वर्षांपूर्वीच्या निम्माच. बायकांनी हात मागे घेतले आणि मावशीला वाट करून दिली.