शॉकमधली हवा

डोंगरउतारावरून सुसाट सोडायची नवऱ्याची सायकल हॉलमध्ये उभी असते. आता त्याला जिनाही उतरवत नाही. तरी दर रविवारी तो भिंतीला धरून तिच्यावर बसतो. वजनाने मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा हवा भरलेला दांडा, दबतो, त्यावरची रबरी रिंग सरकते. ती जुन्या खुणेवर थांबली की स्वारी खूश!

"बघ, किलोभरही घटलो नाही. डॉक्टरला कळतंय डोंबल!"

"तेच तर," बायको म्हणते.

सकाळी तो झोपेतून उठण्याआधीच तिने शॉकमधली थोडी हवा सोडलेली असते. कुठल्या वजनाला किती हवा, याचा तक्ता शॉकवरच चिकटवलाय. दर रविवारी ती कमी वजनाकडे एकेक ओळ खाली येते.

"सायकल धर गं, आलोच," आतून हाक आली.

आज तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.