शेवटचा खर्ज

गायिका मेरिएल ट्रेगो सुरातून कधी उतरत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि त्या म्हणण्यानेच आता तिचा गळा आवळत आणला होता.

उभी हयात इड्रिस प्रॉदरोने तिला पियानोवर साथ केली. मैफल संपली तरी लोक उठायचे नाहीत. मग मेरिएल एखादं जुनं खेड्यातलं गाणं नुसत्या गळ्याने गायची, पियानो गप्प. गाणं संपता संपता इड्रिस खाली एकच खर्जाचा सूर द्यायचा, आणि तो तिच्या सुराला चपखल बसायचा. साथ नसली की भलेभले घसरतात. मेरिएल नाही. हीच तिची कीर्ती.

इड्रिस हिवाळ्यात गेला. त्याच्या एका मित्राने त्याच्यावर कविता केल्या, एका तरुण संगीतकर्तीने त्यांना चाली लावल्या, आणि मेरिएलच्या कीर्तीवर भिस्त ठेवून शेवटचं गाणं तिने पियानोविना लिहिलं. वाजवणारा गेला, म्हणून पियानो गप्प. गाणं संपल्यावर तेवढा एक खर्ज. ऐकूनच डोळ्यांत पाणी यावं अशी कल्पना. गाणाऱ्या बाईचं काय होईल, हे कुणाच्या मनात आलं नाही. मेरिएलच्याही नाही, ती हो म्हणून मोकळी झाली.

मैफलीच्या दिवशी, दुपारच्या तालमीत तिने ते जीव ओतून गायलं. शेवटचा शब्द हवेत असतानाच, इड्रिसच्या जागी पियानोवर बसलेल्या रुपर्ट क्वेलने खर्ज वाजवला, आणि दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ऐकवेना. ती अर्ध्या सुराने उतरली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

"थंडी," ती म्हणाली. "हे चर्च आहे की बर्फाचा कारखाना?"

"हीटर लावले तर त्यांची घरघर ऐकू येते," रुपर्ट म्हणाला. पस्तिशीचा, हुशार, बोलण्यालाही इस्त्री केलेली. "पुन्हा घेऊ या?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"रुपर्ट, समजा संध्याकाळी असं झालंच, तर तू..."

"तर काय, शेजारची पट्टी वाजवू? पहिलं गाणं ज्या सुराने सुरू होतं, तोच शेवटी परत यायचाय. सगळी रचना त्यावर उभी आहे. लिहिलंय ते मी वाजवणार." मग तो जरा नरमला. "तुम्हाला नाही जमणार तर कुणाला? तुम्ही तर कधी उतरत नाही."

दुःखात दुःख असं की सूर उतरतो तेव्हा गाणाऱ्याला कळत नाही. चोर घरात शिरून, सामान आवरून निघून जातो. दिवा लागल्यावर घर रिकामं दिसतं. मेरिएलला त्या दिव्याची भीती होती.

संध्याकाळी मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी ग्वेनेथने तिला गाठलं. ग्वेनेथ ही इड्रिसची बायको. जन्मभर ती त्याच्या डाव्या हाताला बसून पानं उलटत आली, आणि आजही हट्टाने रुपर्टची पानं उलटत होती. पानं उलटणाऱ्याने दिसू नये, खोकू नये, पट्ट्यांना बोट लावू नये. यातलं न खोकणं तिला सगळ्यात जड जायचं.

"काय गं, चेहरा का असा? केक घे."

"नको. घशात अडकेल."

"मग तुझा मी खाते. लिंबाचा आहे, बरा झालाय."

"ग्वेनेथ, मला भीती वाटतेय गं." "इड्रिस होता तेव्हा एकदाही असं झालं नाही. तू तर शेजारीच असायचीस, सांग, झालं कधी? आज लोक म्हणतील, त्याच्याशिवाय ही शून्य. आणि खरंच असेल तर?"

ग्वेनेथच्या ओठांवर काहीतरी आलं होतं; ते गिळून तिने बशीतले चुरे बोटाने टिपले.

"तू गा," ती म्हणाली. "शेवटाची काळजी तू कधी केली होतीस? ती त्याची असायची."

आणि तो नाही, हेच तर! मेरिएलने कप ठेवला आणि ती मंचाकडे निघाली.

शेवटच्या गाण्याला रुपर्टने हात मांडीवर ठेवले. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं. 'तू बसायचास तिथे आता ऊन बसतं,' ती गाऊ लागली, आणि प्रत्येक ओळीगणिक मनात एकच: उतरले का? आता उतरले का? जमीन पायाखालीच आहे की सरकली, काही कळेना. पळून जावंसं वाटलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिच्या त्या विश्वासाची मेरिएलला सर्वांत जास्त भीती वाटली. शेवटचा शब्द आला. तिने तो धरला. रुपर्टचा हात वर गेलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तिने डोळे घट्ट मिटले.

खर्ज वाजला.

जुळला. अगदी तसाच, पूर्वीसारखा, खालून हात दिल्यासारखा. जमलं! त्याच्याशिवाय जमलं! सूर विरेपर्यंत कुणी हलायचं नसतं, म्हणून ती हलली नाही. मग रुपर्टला नमस्कारासाठी पुढे बोलवायला ती वळली.

रुपर्टचा हात हवेतच होता. पट्टीला तो लागलाच नव्हता. चेहरा पांढराफटक. त्याच्या डावीकडून ग्वेनेथ पुढे झुकली होती, आणि तिचं बोट अजून दाबलेलं होतं. लिहिलेल्या पांढऱ्या पट्टीवर नाही. त्या पट्टीला लागून डावीकडच्या, अर्ध्या सुराने खालच्या काळीवर.

ग्वेनेथ त्या बोटाकडे बघतही नव्हती. इड्रिसचं बोट तिथे जाताना तिने इतक्यांदा पाहिलं होतं की तिला बघायची गरजच नव्हती.

इतक्यांदा. म्हणजे दर वेळी. दर वेळी मेरिएल उतरली होती, आणि इड्रिसने ते झाकलं होतं.

टाळ्या सुरू झाल्या.

"वाक आता," ग्वेनेथ कुजबुजली. "लोक थांबलेत."

पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला सांगत होती, "बघ, म्हटलं नव्हतं मी? ही कधी उतरत नाही."

मेरिएल वाकली, आणि बराच वेळ तिला मान वर करवेना.