आंदणाचा कोंबडा

जावईबुवांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि बोट दाखवलं.

"तो."

चंद्री शेळीच्या आचळावरचा प्रेमिलाचा हात थांबला. दुधाच्या गंजात पडणारी धार तुटली तशी चंद्रीनं मान वळवून पाहिलं. तिच्या पाठीवर उभा असलेला कोंबडा मात्र निर्धास्त होता. लाल उघडी मान, पांढरे पंख, चाल अशी की अंगण त्याच्याच नावावर आहे. सगळ्यांवर नजर ठेवायचा म्हणून त्याचं नाव दरोगा.

"वा, जावईबुवा! नजर आहे बाप्पा तुमची!" रुपराव बाजेवरून म्हणाले. "अवं, ऐकलं काय? दरोगा म्हणून राहिले."

"ऐकलं," प्रेमिला म्हणाली.

घरचा रिवाजच तसा होता. जावई मुकुंदराव उमरेडहून बुटीबोरीला आले की बाजेवर बसायचे, बोट दाखवायचे, आणि बोट ज्याच्यावर पडलं तो रश्श्यात. जिथं लेक दिली तिथं नाही कसं म्हणायचं? रुपरावांनीही लग्नानंतर पहिल्या खेपेला सासऱ्याच्या अंगणात असंच बोट दाखवलं होतं. प्रेमिलाच्या मायचा लाडका तांबडा कोंबडा होता तो. माय हसत हसत वाढत होती आणि मधूनच मागल्या दारी जाऊन डोळे पुसत होती. प्रेमिलानं ते पाहिलं होतं. नवी नवरी, काय बोलणार!

पण दरोगा म्हणजे नुसता रस्सा नव्हता. दुष्काळाच्या सालानंतर गावात सरकारी पांढरे कोंबडे वाटले होते. यांच्या पोरी ढीगभर अंडी देतात म्हणे. प्रेमिलानं एक आणला. दिसायला राजबिंडा, पण इकडचा वैशाख लागला तसा चोच वासून धापा टाकायला लागला. तो डोळे मिटायच्या आत तिनं त्याला उघड्या मानेच्या गावरान कोंबडीसोबत सोडलं. "प्रेमिलाबाईनं कोंबड्यांची सोयरीक मांडली वं!" म्हणून गावभर हसणं झालं. पहिली पिल्लं घारीनं उचलली. दुसऱ्या खेपेला मुंगूस शिरलं. मग तिनं खुराडंच शेळ्यांच्या गोठ्यात हलवलं. पिल्लं शेळ्यांच्या पायांत लेंड्या उकरत, किडे टिपत वाढली, आणि घार वर नुसत्या घिरट्या घालत राहिली. त्यातला हा दरोगा. त्याच्या पोरी भर उन्हात अंडी देत आणि ती उबवायला खुडूकही बसत. हसणाऱ्या बायाच आता उबवायला अंडी मागायला येत होत्या. पण त्याच्यासारखा दुसरा नर अजून निघाला नव्हता. दरोगा गेला असता तर प्रेमिलाची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

ती उठली. दरोगाला काखेत घेतलं आणि घरात गेली. तिची लेक शामला कांदे चिरत होती. तिचे डोळे कांद्यानं भरले होते की कशानं, कोण जाणे.

"माय, मी सांगू काय त्याईले?"

"तू काही सांगू नको. हळदीकुंकू आण आणि बाहेर चल."

अंगणात सगळ्यांसमोर प्रेमिलानं दरोगाचे पाय धुतले, त्याला हळदीकुंकू लावलं आणि लेकीच्या पदरात टाकलं. मग चंद्रीचं छोटं पिलू ओढत आणलं आणि त्याचं दावं शामलाच्या हातात दिलं.

"लग्नात आंदण द्याचं राहून गेलं होतं पोरीले. शेळीचं पिलू, आणि हा त्याचा राखणदार."

"म्हणजे?" मुकुंदरावांचं बोट अजून हवेतच होतं.

"म्हणजे आता तो तुमचाच आहे, जावईबुवा. कापा म्हणाल तं कापते मी. पण आंदणाच्या जिवाले सुरी लावत नाहीत. लेकीचं सौभाग्य असते त्यात."

मुकुंदरावांचं बोट खाली आलं. हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला.

असा काही रिवाज नव्हता. आकाशपाताळ एक केलं असतं तरी सापडला नसता. प्रेमिलाच्या तोंडून तो नुकताच बाहेर पडला होता, आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं. रुपरावांनी तोंड उघडलं, पण लेकीच्या सौभाग्याच्या गोष्टीत आडवं कोण जाणार! त्यांनी मुकाट्यानं दुसरा कोंबडा धरला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून दरोगाची लाल मान बाहेर आली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत प्रेमिला रस्त्यावरच उभी राहिली. तिकडे उमरेडला विहीणबाई होत्या. त्यांना रिवाज कोण सांगणार? घरी येऊन तिनं दरोगापासूनची होती नव्हती ती सगळी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि बांबूच्या डालीजवळच बसून राहिली.

दिवाळीला मुकुंदराव आले तेव्हा अंगणात लाल मानेचे दोन तरणे कोंबडे एकमेकांवर धावून जात होते. प्रेमिला ते बघून आतल्या आत नाचत होती. तरी चंद्रीची धार काढताना तिचे कान बाजेकडेच होते.

"हं, दाखवा बोट!" रुपराव म्हणाले.

मुकुंदरावांनी दोन्ही हात खिशात घातले.

"नको, मामाजी. काल आमचे जावई आले होते, बहिणीचे यजमान. अंगणात बसले, चहा पेले, आणि दरोगावरच बोट ठेवलं."

गंजातली धार थांबली.

"मग?" प्रेमिलानं विचारलं.

"मग काय, मामीजी! शेळीच्या पाठीवरून उतरत नाई तो, सारी गल्ली अंडी मागून राहिली, शामला त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. आणि हे म्हणतात कापा! मी साफ सांगितलं, आंदणाचा आहे. आंदणाच्या जिवाले सुरी लावत नाहीत."

"आणि विहीणबाई?"

"आईच तं आधी उठली! म्हणे, हा रिवाज पूर्वीपासून चालत आला आहे, आमच्या घरी कधी मोडला नाई."

रुपराव बायकोकडे वळले.

"पूर्वीपासून? कधीपासून वं?"

प्रेमिलानं पदरानं कपाळ पुसलं. तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"माझ्या मायच्या वेळेपासून," ती म्हणाली.

रुपरावांनी बशी खाली ठेवली. एकेकाळी तांबड्या कोंबड्यावर पडलेल्या आपल्याच बोटाकडे त्यांनी पाहिलं. दोन्ही कोंबडे भांडत भांडत त्यांच्या पायांपर्यंत आले तेव्हा त्यांनी पाय हळूच मागे घेतले.

"जावईबुवा," ते म्हणाले, "आज वांग्याचं भरीत खाऊन पाहा. हिच्या हातचं चांगलं होते."

गंजात पुन्हा धार वाजायला लागली.