डाव्या हाताची पोरं

सिद्धम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि का जाऊ नये? अकरावीच्या बोर्डाच्या परीक्षेचा तिचा फॉर्म पंचाक्षरी सरांनी कपाटात घालून वर कुलूप ठोकलं होतं. शाळेचा निकाल शंभर टक्के लागायला हवा ना! मग कच्ची पोरं बसवायचीच नाहीत. त्र्याहत्तर सालचा नोव्हेंबर, फॉर्म पाठवायला दोन दिवस उरलेले, आणि कपाटात चौदा फॉर्म.

कच्चं कोण, हे सरांनी ऑगस्टातच ठरवून टाकलं होतं. चाचणीच्या वेळी सिद्धम्मा तापानं फणफणली होती, पेपर कोरा गेला. त्या दिवसापासून तिचा हात डावा. म्हणजे असं, की उत्तर येणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यांनी डावा. तपासणीचे साहेब आले की सगळा वर्ग हात वर करून बसलेला, आणि सर विचारणार फक्त उजव्या हाताला. काय डोकं! त्यातलं चार आणे डोकं शिकवण्यात लावलं असतं तरी पोरांचं भलं झालं असतं.

एकदा डावा म्हटल्यावर सरांनी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती मात्र हट्टाला पेटली. शुक्रवार पेठेत तिची आई बसव्वा कडक भाकऱ्या करून विकायची. आईबरोबर भाकऱ्या थापता थापता सिद्धम्मा इंग्रजी वाक्यं घोकायची. "अगं, ध्यान कुटं हाय तुजं? भाकरी करपली की!" बसव्वा ओरडायची. करपली तर करपली.

फॉर्म पाठवायला दोन दिवस उरले असतानाच तपासणी आली. साहेब आले, मागच्या बाकाजवळ खुर्चीत बसले. सरांनी भविष्यकाळाचा धडा काढला. आठवडाभर घोटून घेतलेला धडा तो, चुकणार कसा?

"आय आणि वुई यांना शॅल, बाकी सगळ्यांना विल," उजव्या हातांनी पोपटासारखं म्हणून दाखवलं. सर खुशीत आले.

"छान. मग गोइंग टू कधी वापरायचं?" साहेबांनी विचारलं.

झालं! हे काही घोटलेलं नव्हतं. सगळे उजवे हात पटापट खाली आले. डावे वरच होते, त्यांना सवयच ती. आणि मधोमध एक उजवा हात, सिद्धम्माचा.

सरांनी डोळे वटारले. "तू बस गं खाली. साहेब, ही जरा कच्ची आहे."

"उभी राहू द्या तिला," साहेब म्हणाले.

सिद्धम्माचे कान तापले होते. "पीठ मळून झालंय, तवा तापलाय, म्हंजे भाकरी करायचं आधीच ठरलंय. तितं गोइंग टू. आन् तेवढ्यात दार वाजलं, 'थांब आई, मी उघडते' असं आयत्या वेळी म्हटलं, तर तितं शॅल-विल."

साहेब खुर्चीतून उठलेच. "शाब्बास! आता स्वतःबद्दल एक वाक्य सांग बघू."

तिनं सरांकडं बघितलं. मग साहेबांकडं बघून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग टू सिट फॉर द एक्झामिनेशन."

"का बरं?"

"सरांनी ऑगस्टातच ठरवलंय. माजा फॉर्म कपाटात हाय."

दारात उभे असलेले हेडमास्तर सरांकडून किल्ली घेऊन धावत गेले आणि फॉर्म घेऊनच परतले. "नजरचुकीनं राहिला, साहेब. घे बाळ, घे."

बाळ! चार महिन्यांत एकदाही नावानं हाक मारली नव्हती ह्या माणसानं. सिद्धम्मानं फॉर्मला हात लावला नाही.

"नजर चौदांदा कशी चुकली, सर?" तिचा आवाज चढला. "फकीर, ऊठ. निंगव्वा, ऊठ. उठा की सगळी! तोंडं काय लपवताय?"

आधी निंगव्वा उठली, मग फकीर, मग एकेक करत तेराच्या तेरा. पंचाक्षरी सर खडू हातात धरून भिंतीकडं बघत होते.

"कपाट परत उघडा, सगळे फॉर्म आणा," साहेब म्हणाले. त्यांनी परत खुर्ची ओढली, आणि सगळे फॉर्म वर्गात येईस्तोवर ते हलले नाहीत.

शेवटचा फॉर्म फकीरच्या हातात पडल्यावर सिद्धम्मानं आपला घेतला. पोरींनी तिला मिठ्या मारल्या, निंगव्वा तर रडायलाच लागली. सिद्धम्माला रडू आलं नाही. तिचा राग तसाच होता. फॉर्म मिळाला, पण ऑगस्टपासून वर्गात बसूनही जे कुणी शिकवलं नाही, ते आता मार्चच्या आत ह्या तेराजणांना कोण शिकवणार होतं?

तिनं दप्तर बाकावर आपटलं. "रोज शाळा सुटली की आमच्या घरी यायचं," ती तेराजणांना म्हणाली. "जो यायचा न्हाय, त्याला घरातनं वढून आणीन."