दिवा की पडदे

मी एक कॅडिलॅक. निदान पुढून तरी. मागचं विचारू नका, मागचं मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

माझं इंजिन आणि नाक डेट्रॉइटचं. तिथल्या कारखान्यातून माझ्या बहिणी सजूनधजून बाहेर पडल्या. आत मऊ आसनं, मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख. मला मात्र अर्धवट ठेवलं आणि ओहायोतल्या कारागिरांकडे धाडून दिलं. त्यांनी माझी कंबर लांबवली, छत उंच केलं, मागे भलंमोठं दार बसवलं आणि पंख तेवढे बहिणींसारखेच लावले. मला वाटलं, एवढा थाट चाललाय तो नक्की कुणा राणीसाठी.

घराण्याचीही गंमतच आहे. डेट्रॉइट वसवणाऱ्या एका फ्रेंच साहेबाचं नाव आम्हाला दिलंय. ते नाव आणि सोबतचं सरदारकीचं चिन्ह त्या साहेबानं अमेरिकेत उतरल्यावर स्वतःच जुळवून घेतलं होतं म्हणे. त्या चिन्हात चिमुकली बदकं आहेत, त्यांना चोच नाही आणि पायही नाहीत. ती माझ्या नाकावर बसलेली असतात. खायचं कशानं आणि चालायचं कशानं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. आमचं त्यामुळे चांगलं जमतं.

मला विकत घेतलं ऑर्व्हिल टिंकहॅमनं. मिशिगनच्या पार उत्तरेला हेमलॉक हिल नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव, तिथे ऑर्व्हिल अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. गावात दवाखाना नव्हता. मोठं इस्पितळ दूर, सरोवराकाठच्या शहरात. माणूस आडवा झोपू शकेल अशी गाडी सगळ्या गावात एकट्या ऑर्व्हिलकडेच. मग कुणाच्या छातीत कळ आली तरी फोन त्यालाच, आणि कुणी गेलं तरी फोन त्यालाच. तेव्हा आमच्याकडच्या छोट्या गावांत हीच रीत होती, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. रुग्णवाहिका मीच आणि शववाहिकाही मीच.

फोन घ्यायची ऑर्व्हिलची बायको, आर्डिस. रिसीव्हर ठेवून ती खिडकीतून एकच शब्द ओरडायची. "दिवा!" म्हणाली की ऑर्व्हिल माझ्या छतावर लाल दिवा बसवायचा, स्ट्रेचर आत सरकवायचा आणि सुसाट निघायचा. "पडदे!" म्हणाली की दिवा फडताळात जायचा, मागच्या काचांना पडदे लागायचे, आणि तोच ऑर्व्हिल काळा कोट चढवून मला बैलगाडीच्या चालीनं न्यायचा. गावाबाहेर फाटा आहे. उजवीकडे इस्पितळ, डावीकडे टेकडीवरचं कबरस्तान. दिवा असला की उजवीकडे, पडदे असले की डावीकडे. माझं सगळं शिक्षण एवढंच.

गावालाही ते पाठ होतं. दिवा दिसला की लोक गाड्या बाजूला घेत. पडदे दिसले की टोप्या काढत. पण आर्डिस मला घेऊन अंडी आणि पीठ आणायला निघाली, म्हणजे ना दिवा ना पडदे, की भर रस्त्यात लोकांची तारांबळ उडायची. एकजण टोपी अर्धी उचलून तसाच उभा, दुसरा गाडी बाजूला घेऊन मागे वळून बघतोय. आर्डिस हात हलवून पुढे जायची. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत राहायची, की आज मी नेमकी कोण होते?

आमच्या घराण्याच्या गाड्यांबद्दल मालक लोक भरभरून बोलतात. गावातल्या बँकेच्या मॅनेजरकडे माझी एक धाकटी बहीण होती. पेट्रोल पंपावर तो सगळ्यांना ऐकवायचा, "लोण्यावरून चालल्यासारखी चालते. आत बसलं की जगाचा आवाजच बंद." ऑर्व्हिल मान डोलवायचा आणि म्हणायचा, "माझीही तशीच आहे हो. फक्त आत बसणारे काही बोलत नाहीत."

या बोलण्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा वाइनो लाहती. खाणीत जन्म घालवलेला, गाठी पडलेल्या हातांचा, फिनलंडहून आलेल्या घरातला म्हातारा. मला पाहिलं की तो बॉनेटवर थाप मारायचा. "काय गं बाई, ठेवलीयेस ना माझी जागा? आपल्यासारख्याला कॅडिलॅक एकदाच मिळते, तीही आडवं पडून!"

त्याची बायको सिल्वी हसायची नाही. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, रस्त्याच्या पलीकडून जायची.

त्याला कारण होतं. तिची बहीण एल्मा आजारी पडली तेव्हा आर्डिस "दिवा!" असंच ओरडली होती. सिल्वी पुढे ऑर्व्हिलशेजारी बसली होती. आम्ही फाट्यावरून उजवीकडे वळलो, जंगलातल्या रस्त्याला लागलो, आणि मागचा श्वासाचा आवाज थांबला. ऑर्व्हिलनं आरशातून पाहिलं, गाडी कडेला घेतली, मागे जाऊन आला. मग हात पुढे करून दिव्याचं बटण बंद केलं. सिल्वी त्या हाताकडे बघत राहिली. परत आलो ते सावकाश. मी निघाले होते रुग्णवाहिका म्हणून आणि पोचले ते काहीतरी भलतंच होऊन. त्या दिवसापासून माझा गोंधळ वाढला, आणि सिल्वीनं माझ्याशी बोलणं सोडलं.

मग तो शनिवार आला. शनिवारी लाहतींच्या अंगणातल्या लाकडी खोपटात सॉना पेटायचा, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून घामाची अंघोळ. वाइनो अजून वाफेतच होता, सिल्वी घरात कॉफी उकळत होती. बाहेर ढगाळ दुपार, अंगणात गुडघाभर बर्फ. वाइनो पंचा गुंडाळून बाहेर आला आणि छाती धरून बर्फातच खाली बसला. शेजारणीनं फोन केला. आर्डिस ओरडली, "दिवा!"

आम्ही पोचलो तेव्हा वाइनो पायरीवर होता. अंगावर कशीबशी चढवलेली विजार, वर लोकरी कोट, ओले केस, ओठ निळे. ऑर्व्हिल स्ट्रेचर काढायला वळला, तोच सिल्वी मधे आली.

"ही गाडी नको."

"लाहतीबाई, अहो वेळ नाहीये."

"दुसरी आण."

"दुसरी कुठून आणू? गावात ही एकच आहे!"

"मग मी त्याला पाठीवर घेऊन जाते. हिच्यात आडवा झालेला माणूस उठत नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. एल्मा बोलत होती रे, फाट्यापर्यंत बोलत होती!"

मला तेव्हा काय वाटलं सांगू? तिचं खरं होतं की काय, हेच मला कळेना. मी त्याला वाचवायला आले होते की न्यायला? दिवा लावलेला होता, पण एल्माच्या वेळीही तो लावलेलाच होता. मला लाज वाटली, आणि कशाची ते कळेना म्हणून आणखी वाटली.

ऑर्व्हिल दार उघडून तसाच उभा. सिल्वी दोन्ही हात पसरून उभी. त्या दोघांच्या मधून वाइनोचा आवाज आला, दम लागलेला.

"भांडा, भांडा. मी आहे इथेच."

"तू गप्प बस," सिल्वी म्हणाली.

"सिल्वी, आडवा झालेला उठत नाही ना? मग मी बसून जातो."

"काय?"

"पुढच्या सीटवर बसून. साहेबासारखा. टोपी दे माझी."

सिल्वीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. तिनं घरात जाऊन त्याची टोपी आणली आणि त्याच्या ओल्या डोक्यावर घट्ट बसवली. दोघांनी मिळून त्याला पुढे बसवलं. मग ती स्वतः मागे चढली आणि स्ट्रेचरवर बसली, जिथे एल्मा झोपली होती तिथेच. ती मागे का बसली, हे मला जरा वेळानं कळलं. आसनांच्या मधून वाकून तिला ऑर्व्हिलचा हात दिसत होता.

"हात स्टिअरिंगवर ठेव," ती म्हणाली. "त्या बटणाकडे न्यायचा नाही."

"नाही नेत."

"दोन्ही हात."

"दोन्ही आहेत, लाहतीबाई."

मी धावले. बर्फातून, वळणांवरून, अंगातली सगळी ताकद लावून. गावातून जाताना लोकांनी गाड्या बाजूला घेतल्या आणि मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. लाल दिवा गरगरतोय, भोंगा बोंबलतोय, आणि पुढच्या सीटवर वाइनो लाहती टोपी घालून ताठ बसलाय, हात हलवतोय. बँकेच्या मॅनेजरनं तर चक्क टोपी काढली आणि लगेच परत घातली.

"वाइनो, हात खाली घे, श्वास सांभाळ!" मागून सिल्वी ओरडली.

"अगं, कॅडिलॅकमध्ये बसलोय, लोकांना कळायला नको?" तो हळू म्हणाला. मग थोडा थांबून, "मागे मऊ आहे का गं?"

"दगड आहे," सिल्वी म्हणाली, आणि रडायला लागली. पण ऑर्व्हिलच्या हातावरची नजर तिनं हलवली नाही.

वाइनो वाचला. इस्पितळाच्या दारात तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून का होईना, पण माझ्यातून पायांवर उतरला. सिल्वी त्याच्यासोबत आत गेल्याचं बघून मगच ऑर्व्हिलनं बटण बंद केलं. त्या वेळी दिवा विझला तो नुसता विझला, त्याचा दुसरा काही अर्थ नव्हता.

वाइनो घरी परतल्यावर सिल्वी आमच्या दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम पास्टी, म्हणजे मांस आणि बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या. त्या तिनं आर्डिसला दिल्या. जाता जाता माझ्यापाशी थांबली, फडक्याच्या कोपऱ्यानं माझ्या नाकावरची बदकं पुसली आणि निघून गेली. ते आभार होते की माफी, मला अजून सांगता येत नाही.

पुढे कितीतरी वर्षं वाइनो बशीत कॉफी ओतून, दातात साखरेचा खडा धरून सगळ्यांना सांगायचा, "कॅडिलॅकचं मला विचारा. मी बसलोय. बसून!"

मग काळ पालटला. कायदे बदलले, सरकारी अँब्युलन्स आल्या. चौकोनी डब्यासारख्या, आत नळ्या, यंत्रं आणि शिकलेली माणसं. माणसं जास्त वाचू लागली, ते चांगलंच झालं. माझा दिवा फडताळात गेला तो गेलाच. ऑर्व्हिल म्हणाला, "चला, आता तुझा एकच धंदा. गोंधळ मिटला." मिटायला हवा होता. पण कुठे भोंगा वाजला की माझं इंजिन अजून शहारायचं.

आणि एका शरद ऋतूत आर्डिसनं फोन ठेवला आणि ती ओरडली नाही. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "पडदे. वाइनो आहे रे."

चर्चसमोर सगळं गाव जमलं होतं. वाइनो मागे आडवा होता, ठरल्याप्रमाणे. सिल्वी सरळ पुढचं दार उघडून त्याच्या जागेवर बसली. काळा कोट, मांडीवर त्याची टोपी. ऑर्व्हिल इंजिन सुरू करणार, तोच ती म्हणाली, "दिवा लाव."

"लाहतीबाई..."

"दिवा लावला होता तेव्हा तो परत आला होता."

ऑर्व्हिलनं किल्लीवरचा हात काढला. तो उतरला. आर्डिस घराकडे धावली, फडताळातून दिवा काढला, चांगल्या झग्याच्या बाहीनं पुसत आणला. ऑर्व्हिलनं तो छतावर बसवला. पडदे होतेच. आता दोन्ही.

आम्ही निघालो. लोकांना काय करावं कळेना. कुणी टोपी काढली, कुणी गाडी बाजूला घेतली, कुणी दोन्ही केलं. मला तरी कुठे कळत होतं? पळायचं की सावकाश जायचं? वर लाल उजेड फिरत होता, मागे गाड्यांची लांब रांग, आणि वाइनो एक शब्द बोलत नव्हता. मऊ आहे की दगड, तेही त्यानं सांगितलं नाही.

फाट्यावर ऑर्व्हिलनं मला थांबवलं. डावीकडे टेकडी, उजवीकडे जंगलातला रस्ता. सिल्वी उजवीकडे बघत बसली. खरं सांगते, मलाही उजवीकडेच जायचं होतं. इंजिन तयार होतं. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, मी त्याला पुन्हा पोचवलं असतं.

ऑर्व्हिलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यानं ते हलवले नाहीत.

खूप वेळानं सिल्वीनं स्वतः हात पुढे केला, बटण चाचपलं आणि दिवा बंद केला. "घे डावीकडे," ती म्हणाली आणि वाइनोची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली.

आता ऑर्व्हिल नाही, आर्डिस नाही, सिल्वीही टेकडीवर आहे. मला गाड्यांची हौस असलेल्या एका दंतवैद्यानं घेतलंय. तो मला चकाचक ठेवतो आणि उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी करतो. लोक भोवती फिरतात, पंखांना हात लावतात, आत डोकावतात आणि विचारतात, "ही नक्की काय होती हो?" तो कधी एक सांगतो, कधी दुसरं. मी कान देऊन ऐकते, न जाणो, याला तरी माहीत असेल म्हणून.

तुम्ही मला कधी रस्त्यात पाहिलंत, आणि टोपी काढावी की बाजूला व्हावं असा तुमचाही गोंधळ झाला, तर उगाच लाजू नका. पुढच्या सीटकडे बघून नुसता हात हलवा. तिथे कुणी बसलेलं दिसलं नाही, तरी हलवा.