फानेचोरचा विडा

गावच्या सभागृहात मुंगीलाही वाट नव्हती.

"सुरी नाही, सुई नाही! समुद्राखालच्या आजीची विद्या आहे ही!" म्हातारा वैदू फानेचोर गरजला. स्वतः बांधलेला विडा त्यानं सिप्रियनमामाला चघळायला दिला होता. आता मामाच्या लालभडक तोंडात बोटं घालून त्यानं एक लिबलिबीत तुकडा ओढून काढला. "ही बघा रोगाची मुळी!"

बाया रडल्या. मामाही रडला.

पॅसिफिकमधल्या आमच्या अख्ख्या याप राज्यात, बेटाबेटांवर कर्करोगाच्या तपासण्यांची घडी बसवणं हे माझं काम. गावप्रमुखांना राजी करा, नर्सची बोट ठरवा, मोठं इस्पितळ असलेल्या ग्वाम बेटाच्या विमानात जागा मिळवा. मामाच्या गालातली गाठ मीच पाहिली होती, ग्वामच्या ऑपरेशनची तारीखही मीच मिळवली होती. तो गेलाच नाही. उलट मलाच म्हणाला,

"बर्नादेत, मुळी निघाली की गं! आता कशाला कापायला लावतेस?"

बातमी बेटभर पसरली. तपासणीला कुणी येईना. नर्स रिकाम्या बाकांकडे बघत बसायची. माझा संताप व्हायचा, आणि मामासाठी जीव तुटायचा.

शेवटी गाठ झाल्याची बतावणी करून मीच भर सभागृहात फानेचोरसमोर बसले. त्यानं विडा पुढे केला. आमच्यात वडीलधाऱ्यानं दिलेला विडा निमूट तोंडात टाकतात, उलगडून बघत नाहीत. मी उलगडला.

"लाज आहे का जरा?" गावप्रमुख ओरडले.

पानात सुपारी होती, चुना होता आणि ऑक्टोपसचा वाळका तुकडा होता. चघळला की तो फुगणार, लाल होणार.

"आजोबा, माझी मुळी तोंडात जायच्या आधीच निघाली की!"

"आजीचा कोप होईल!"

"तिला म्हणावं, ऑक्टोपस तरी ताजा पाठव."

लोक हसले. मामा हसला नाही. गाल चाचपत त्यानं विचारलं, "म्हणजे माझी अजून आतच आहे?"

आतच होती. मानेत उतरली होती. आता कापून उपयोग नाही, असं ग्वामच्या डॉक्टरांनी कळवलं.

पुढे मामाला बोलता येईना. तरी तो माझ्याबरोबर बोटीतून गावोगाव यायचा आणि लोकांसमोर नुसतं तोंड उघडायचा. बाकं पुन्हा भरू लागली.

त्याला पुरलं त्या दिवशी गावप्रमुख माझ्याजवळ आले. नेहमी हातात असणारी विड्याची टोपली आज नव्हती. "पोरी, माझ्या गालात पांढरा चट्टा आहे. बघतेस का?"

बाबांनो, हा रोग सुपारीच आणते, ती सोडा. आणि कितीही मोठ्या माणसानं विडा दिला, तरी उलगडून बघा. मामानं बघितला नाही, कारण तो मर्यादा पाळणारा माणूस होता.